फोटोसारखा पास्ता

टिकलीचा धंदा म्हणजे फोटोंसाठी जेवणाला नटवणं. पाकिटांवर, मासिकांत आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवर जे पाहून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, ते तिने चिमट्याने तासन्‌तास मांडलेलं असे. त्यातलं बरंचसं खाण्याजोगं नसे, ही गोष्ट वेगळी. दुधाच्या जागी पांढरा गोंद, आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेले बटाटे, आणि भाजलेल्या कोंबडीच्या अंगावर चक्क बूटपॉलिश. म्हणून या धंद्यातली माणसं एक नियम पाळतात. समोर काहीही असो, तोंडात घालायचं नाही. टिकलीने नवी असताना एकदा बोट चाटून पाहिलं होतं, तेवढ्यावरच ती शहाणी झाली.

टिकली हे नाव तिला आत्याने दिलेलं. पोर लहानखुरी होती तेव्हा ते शोभायचं. आता टिकली पन्नाशीकडे झुकली होती आणि चांगली आडवी झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं. आत्या गाडी चालवायला शिकवायची. अर्ध्या गावाने तिचा ओरडा खात गिअर टाकले होते. जेवतानासुद्धा तिची नजर तिन्ही आरशांत असावी तशी फिरायची, आणि कोणी ताटात काही टाकून उठू लागलं की ती "थांब!" म्हणायची ते अशा आवाजात, की समोरच्याचा पाय आपोआप ब्रेक शोधू लागे.

त्या आत्याने हल्ली जेवण सोडल्यात जमा होतं. थंडीत ताप आला, ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधीतरी. आत्या मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. दोन घास खायची, "छान झालंय गं, पोट भरलं," म्हणायची आणि ताट सरकवायची. आता डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत वजन सावरलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. आत्या आणि नाकात नळी! टिकलीला नुसत्या विचाराने रडू यायचं.

सगळ्यांत जास्त हाय खाल्ली होती ती वहिनीने. वहिनी म्हणजे आत्याची सून, हाताला अशी चव की शेजारचे लोक तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उगाच रेंगाळत. तिने लसूण वाढवला, मिरी वाढवली, लिंबं पिळली, तऱ्हेतऱ्हेचे मसाले घातले. "आई, वास तरी बघा कसा सुटलाय," म्हणत ती वाटी नाकाशी धरायची. आत्या मान डोलवायची आणि दोन घासांवर थांबायची. शेवटी वहिनीने हात टेकले, पण एकटी असताना ती डोळे पुसते हे दादाने, आत्याच्या मुलाने, पाहिलं होतं.

दादाचा फोन आला तो म्हणूनच. "रविवारी दुपारी ये. कोंबडी तुझी वहिनी भाजतेय. तू बाजूला काहीतरी कर. आणि हे बघ टिकले, खाता येईल असं कर."

"तुझ्या ताटात बूटपॉलिश वाढते की नाही बघ," टिकली म्हणाली, पण तिने मनावर घेतलं. घरात आजवर तिच्या हातचं कोणी मागितलं नव्हतं.

रविवारी ती पालेभाजीची जुडी, पास्ता आणि चीज घेऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात हजर झाली. ओव्हनमध्ये कोंबडी होती, ओट्यावर जागा बेताचीच, आणि शेगडीचा एकच बर्नर मोकळा. टिकलीने मोठा पसरट पॅन काढला. लोण्यावर कांदा टाकला, गुलाबी व्हायच्या आत थांबवला, त्यावर कोरडा पास्ता ओतला आणि दूध-पाणी घालून तिथेच शिजत ठेवला.

"वेगळा उकळत नाहीस?" वहिनीने भुवया उंचावल्या.

"एकाच पॅनमध्ये होतो. पास्त्याचाच पिठाळपणा उतरतो आणि रस दाट होतो."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो टिकलीच्या हाताला लागलेल्या सवयींमुळे. लसूण तिने सोलून बाजूलाच ठेवला, कारण लसणाचे तांबूस तुकडे पांढऱ्या रसात डागासारखे दिसतात. मिरी नाही, कारण फोटोत ती चिलटांसारखी दिसते. जुनं पिवळं चीज दिव्यांखाली तेल सोडतं, म्हणून तिने ताजं, मऊ, पांढरंशुभ्र चीज आणलं होतं. पास्त्यात जराशी कणी असतानाच तिने आच उतरवली, म्हणजे कडा मोडत नाहीत. पालेभाजी जास्त शिजली की काळवंडते, तेव्हा ती अगदी शेवटी, देठांसकट, नुसती वाफेला लावली. इथे दिवे नव्हते, कॅमेरा नव्हता, पण हाताला कोण सांगणार?

"चाखलंस ना?" वहिनीने कोंबडी बाहेर काढता काढता विचारलं.

"हो हो," टिकली म्हणाली आणि चिमट्याने एक पान सरळ केलं.

पॅन टेबलावर आला तेव्हा सगळे बघतच राहिले. दुधाळ पांढरा रस, त्यात हिरवीगार पानं, वरून चीजचे तलम धागे. दादाने तर शिट्टी वाजवली. मग त्याने मोठा घास घेतला आणि चावता चावता एकदम थांबला. वहिनीने घास घेतला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. टिकलीने स्वतः चाखलं. ओला कागद खाल्ला असता तर निदान कागदाची तरी चव लागली असती.

मीठ! पास्ता वेगळा उकळला असता तर पाण्यात पडलंच असतं. पण वेगळं पाणीच नव्हतं, चीज बिनमिठाचं, लोणीही बिनमिठाचं, आणि जिभेला विचारायची तर तिला सवयच नव्हती. टिकलीने कपाळावर हात मारला. आत्याला जेवू घालायची एक संधी मिळाली होती, तीही तिने मातीत घातली.

दादाने हळूच मिठाच्या बाटलीकडे हात नेला, तर वहिनीने टेबलाखाली त्याचा पाय दाबला. ती आत्याकडे बघत होती.

आत्या जेवत होती. चीजची तार तिने काट्याला गुंडाळली, ओढली, ती तुटेना तेव्हा मान मागे नेऊन तोंडात घेतली. देठ करकन वाजला. तिने मुद्दाम दुसरा देठ शोधला. ताटली रिकामी झाली आणि तिने स्वतः, कोणी न म्हणता, पॅन पुढे ओढून पुन्हा वाढून घेतलं.

मग तिची नजर सगळ्यांवरून एकदा फिरली. आता लपवणार कसं?

"तुमची तोंडं का अशी झालीत?"

"आत्या, मी मीठ विसरले," टिकली रडवेली होऊन म्हणाली. "काहीच चव नाहीये गं त्याला. खरंच सांगते, काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," दादा म्हणाला. "आई, भिंत चाटल्यासारखं लागतंय."

आत्याने काटा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवले नाहीत.

"मला रोज असंच लागतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे जेवता, वा वा म्हणता, वास बघ म्हणता. मी मान डोलवते. मला वाटतं, सगळ्यांच्यात बसून मी एकटीच आहे. आज पहिल्यांदा सगळे माझ्याबरोबर जेवताय."

दादाने मिठाच्या दिशेने निघालेला हात परत घेतला आणि निमूटपणे दुसरा घास घेतला.

"आणि हे मला कळतंय," आत्या म्हणाली. "हे गुळगुळीत आहे, हे ताणतंय, हा देठ दाताखाली मोडतोय. जिभेला नाही, पण दाताला तरी काहीतरी कळतंय."

वहिनी उठली. मिठाची बाटली उचलून तिने कपाटात ठेवली, परत येऊन सासूच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आपली ताटली टिकलीपुढे धरली. "मला अजून वाढ," ती म्हणाली. मग ती आत्याकडे वळली. "आई, मी इतके दिवस उगाच चवीच्या मागे लागले. मला सांगा, उद्या दाताला काय हवं?"

कितीतरी दिवसांनी कोणीतरी आत्याला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला होता. ती खुर्चीत सरसावून बसली.

"करकरीत," ती म्हणाली. "आणि त्याच्या शेजारी काहीतरी एकदम गार."