आई हरली, ओ दे

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट घरी नवऱ्याशी वाजलं की त्या ऐकवत, "माझ्या एका शब्दावर एवढाल्या गाड्या हलतात, तुम्ही तेवढे जागचे हलत नाही."

त्या दुपारी त्यांच्या काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि एक तरुण बाई आत आली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. भोंगाताईंनी तिला खुर्चीत बसवलं तेव्हा तुकड्यातुकड्यांनी कळलं ते एवढंच, की तिकिटाच्या खिडकीपाशी तिनं लेकीचा हात क्षणभर सोडला, मागे वळली, तर लेक नव्हतीच. पाच वर्षांची पोर. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. सतत काही ना काही ओढत नेते म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

भोंगाताईंचं बोट सवयीनं माइकच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

हरवलेली मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. हरवलेलं मूल भोकाड पसरतं, चार माणसं गोळा होतात, कुणीतरी त्याला उचलून याच खोलीत आणतं. आज कुठेच रडणं नव्हतं. काचेबाहेर माणसं पिशव्या सांभाळत आपापल्या गाड्यांकडे चालली होती आणि सगळं नेहमीसारखं होतं. ते नेहमीसारखं असणंच त्यांना खटकलं. पोर कुणाच्या हाती असेल, तर त्या माणसालाही कान होतेच की.

"सांगा ना हो लवकर," आई म्हणाली. "पिवळा फ्रॉक म्हणून सांगा."

"नको. आपण सांगितलं की तो फ्रॉक आधी उतरेल."

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू मुलगी त्यांनीच लपवली होती. ती माइकवर झेपावली. भोंगाताईंनी एका हातानं तिचे हात घट्ट धरून ठेवले आणि दुसऱ्या हातानं स्थानकप्रमुखांना फोन लावला. प्रमुखांनी आधी आढेवेढे घेतले. पोर कुठेतरी खेळत असेल, तेवढ्यासाठी सगळ्या गाड्या अडवायच्या म्हणजे वेळापत्रकाचे तीनतेरा वाजतील, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, चूक निघाली तर माझ्या माथी मारा," भोंगाताई म्हणाल्या. "पण फाटक लावा आणि पोलिसांना कळवा."

फाटकावरच्या काडीसारख्या पहारेकऱ्याला सगळे पैलवान म्हणत. त्यानं फाटक ओढून कुलूप घातलं. मग भोंगाताईंनी आपला रोजचाच रेंगाळता सूर लावला. फाटकात बिघाड झाला आहे, गाड्या थोड्या उशिरानं सुटतील, प्रवाशांनी जागेवरच बसावं. बाहेर कुरकुर झाली आणि लोक बसले.

पोलीस यायच्या आधी सफाईवाल्या आजी आल्या. त्यांनी पदराखालून हात बाहेर काढला. बायकांच्या स्वच्छतागृहातल्या बादलीत सापडलं, एवढंच पुटपुटल्या. हातात दोन वेण्या होत्या, मुळापासून कापलेल्या, लाल रिबिनी तशाच बांधलेल्या. पिवळा फ्रॉकही बादलीतच होता.

आईनं त्या वेण्या घेतल्या आणि मांडीवर सरळ करत बसली. ते बघवेना म्हणून भोंगाताईंनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. फाटक बंद आहे, आता तुम्ही बोला, असं त्यांनी तिला समजावलं. पोर कुठल्याही कपड्यांत असो, कान तिचेच आहेत.

"काय बोलू?"

"लपाछपीत ती सापडली नाही तर काय म्हणता?"

आईनं माइक धरला. आवाज आला तो रोजच्या अंगणातला. "मुंगे, आई हरली. खेळ संपला. ओ दे बरं."

भोंग्यांतून तो आवाज स्थानकभर फिरला. तिनं पुन्हा तेच म्हटलं, मग पुन्हा. लोक बोलायचे थांबले. तेवढ्यात शेवटच्या फलाटावरच्या गाडीतून बारीक आवाज आला, "ओ!" मागच्या सीटखालून निळ्या शर्टातलं, वेडंवाकडं केस कापलेलं एक पोर सरपटत बाहेर आलं. चालकानं त्याला उचललं आणि पळत आणलं.

आईनं त्या निळ्या शर्टात तोंड खुपसलं. आजी डोळे पुसू लागल्या. भोंगाताईंनी चालकाला त्या मागच्या सीटवर कोण होतं ते विचारलं. एक बाई होत्या, तो म्हणाला, चांगल्या घरच्या वाटल्या. मुलगा झोपलाय म्हणाल्या आणि फाटक बंद झाल्यावर पाणी आणायला उतरल्या. त्या काही परत आल्या नाहीत. मागच्या भिंतीतलं एक भगदाड सगळ्यांना माहीत होतं. पैलवान तिकडे धावला, पण तिथे कुणी नव्हतं.

"मावशी म्हणाली गपचूप लपायचं," मुंगी आईच्या खांद्यावरून म्हणाली. "नाहीतर मीपण बाळासारखी झोपेन."

"कुठलं बाळ गं?" भोंगाताईंनी विचारलं.

"तिच्याकडचं. मी त्याला गुदगुल्या केल्या, तरी उठलं नाही."

चालकानं मान डोलावली. होतं खरं, दुपट्यात गुंडाळलेलं. एवढ्या उकाड्यातही तोंड झाकलेलं होतं, आणि उतरताना बाईंनी ते बरोबर नेलं होतं.

पोलिसांनी आजूबाजूचे रस्ते धुंडाळले, पण ती बाई मिळाली नाही. फाटक उघडलं, गाड्या सुटल्या, मायलेकी घरी गेल्या. भोंगाताई पुन्हा माइकपुढे बसल्या. बाळाचं नाव माहीत नव्हतं, मुलगा की मुलगी तेही नाही. ज्यांचं तान्हं बाळ हरवलं आहे त्यांनी घोषणा कक्षात यावं, असं त्यांनी सांगितलं आणि दाराकडे बघत राहिल्या. पाळी संपेपर्यंत त्या दर गाडीनंतर तेच सांगत होत्या. दारात कुणीही आलं नाही.