शंभरची चाकं

मम्मा गाडीत बसली, हीच त्या दिवसाची मोठी बातमी होती. फियाट इतकी बुटकी की तिला आधी बूड टेकवावं लागलं, मग एकेक पाय उचलून आत घ्यावा लागला, आणि तेवढ्यात तिने "ही गाडी आहे की आंघोळीचा टब?" असं विचारूनही घेतलं. स्टेअरिंगवर बसलेली टिझी, तिची लेक, खदखदून हसली. आज मम्मा काहीही बोलली तरी तिला चालणार होतं.

सात महिने मम्मा या गाडीकडे बघायलाही तयार नव्हती. रेमोमामाने, म्हणजे मम्माच्या सख्ख्या भावाने, ही पंचेचाळीस वर्षांची दोन सीटांची इटालियन गाडी भाचीला देऊ केली, तेव्हापासून. सतरा वर्षांच्या मुलीच्या नावावर गाडी करायची तर कागदावर आईची सही हवी, आणि मम्मा सही करत नव्हती. शेवटी मामा वैतागला. नेल्सन गावचा एक माणूस गाडीच्या मागे लागलाय, शनिवारपर्यंत सही झाली नाही तर त्याला देऊन मोकळा होतो, म्हणाला. आज शनिवार होता. गाडी नावावर करून देणारं, खाली ट्रेल गावातलं विम्याचं ऑफिस चार वाजता बंद होणार होतं. आणि काल जेवताना, मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढता वाढता, मम्मा अचानक म्हणाली होती, "मी शेजारी बसते. इथून, रॉसलँडहून, ट्रेलपर्यंत मला खाली ने. मग बघू सहीचं."

दहा किलोमीटर, आणि सगळा उतार. एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीच्या तळाशी ट्रेलच्या धातूच्या कारखान्याची धुराडी. या रस्त्यावर टिझी शाळेच्या बसने हजारदा गेली होती. पण आज मम्मा उजवीकडे बसली होती, डावीकडे तिच्या हातात स्टेअरिंग होतं, काचेला मामाने काढून दिलेला गाडीचा एका दिवसाचा परवाना चिकटवलेला होता, आणि चारही कोपऱ्यांत तिची, स्वतः निवडलेली, सोनेरी जाळीची चाकं फिरत होती.

चाकांचा हा मान तिने मिळवलाच होता. गाडीची मूळची लोखंडी चाकं गंजलेली, आणि त्यातलं एक खड्ड्यात आपटून असं वाकलेलं की टायरमध्ये हवा टिकेना. "इंजिन मी केलं," मामा म्हणाला होता, "चाकं तू निवड. मला विचारायचं नाही." मग काय! तीन आठवडे टिझीच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. तेरा इंचाचंच का, मोठं घेतलं तर वळताना पत्र्याला कसं घासतं, चाक किती आत बसलं पाहिजे, एकेका चाकाचं वजन किती. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर तिने चाकं तोलली, तेव्हा मम्मा टॉवेल गुंडाळून दाराबाहेर ताटकळत उभी होती.

पहिली दोन वळणं लोण्यासारखी गेली. टिझीची टकळी चालूच होती. "बघ मम्मा, आता गिअर खाली घेतला, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. मामा म्हणतो उतारावर ब्रेकवर नाचतो तो गाढव."

"तुझा मामा एकोणिसाव्या वर्षी याच उतारावर गाय उडवणार होता. ते सांगितलं का त्याने?"

"गाय मध्ये आली म्हणाला."

"गाय कुंपणाच्या आत होती." मम्मा खिडकीबाहेर बघत होती. लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. मग तिने मान न वळवता म्हटलं, "चांगली चालवतेस तू."

टक्.

टिझीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. टायरमध्ये खडा अडकला असेल. टक्. टक्. आवाज उजवीकडून, पुढून, चाकाच्या फेऱ्याबरोबर येत होता. तिने ब्रेकला हलकासा पाय लावला आणि स्टेअरिंग तिच्या तळव्यांत शहारलं.

तिने पाय झटकन काढला. कारण हा खडा नव्हता, हे तिला माहीत होतं. चाकं बसवून गावात थोडं फिरवल्यावर, गुरुवारी, तिने बोल्टना पाना लावला होता आणि एकूण एक बोल्ट अर्धा फेरा फिरला होता. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, नवी चाकं बसतात जागेवर, एकदा परत आवळावीच लागतात. काल शुक्रवारी तिने सहज परत पाना लावला. परत फिरले. ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

आणि त्याच्याही मागे एक गोष्ट होती. गाडीवरच्या चार बोल्टांच्या भोकांमधून एक गोल काढला तर तो किती रुंद, हे तिने पट्टीने मोजलं होतं. अठ्ठ्याण्णव मिलिमीटर भरलं होतं. तिने नेटवर पाहिलं, तर विकायला असलेली जवळजवळ सगळी चाकं शंभरची. अठ्ठ्याण्णव हा काय आकडा झाला? मोजपट्टीच्या टोकाचा लोखंडी हुक जरा हलत होता, त्याच्यामुळे दोन इकडेतिकडे झाले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. कॅसलगार गावात ही सोनेरी जाळी विकायला आलेली होती. शंभरची. बोल्ट आत गेले. आवळले गेले. मग शंभरच असणार ना!

ट्रकवाल्यांची ब्रेक तपासायची जागा उजवीकडे आली. थांबायचं? थांबलं की मम्मा विचारणार, का थांबलीस. सांगितलं की सही गेली, गाडी गेली नेल्सनला. घड्याळात तीन वाजून बावीस झाले होते. सात किलोमीटर राहिले होते. सात किलोमीटर तर बोल्ट धरतील!

जागा मागे गेली.

आरशात लाकडाचे ओंडके भरलेला एक ट्रक उगवला आणि मोठा होत होत अख्ख्या आरशात मावेनासा झाला. आता हळूही जाता येईना. टक् टक् टक्. आवाज जाड झाला होता, आता त्यात एक लोखंडी ठोका होता. वळणावर गाडी जराशी उशिरा वळली, अगदी जराशी, जणू चाकाने आधी विचार केला.

"रेडिओ बंद पडला का?" मम्माने विचारलं.

"कुठला रेडिओ?"

"तू. दोन किलोमीटर झाले, तोंडातून शब्द नाही."

टिझीने मम्माकडे पाहिलं. पापणी लवते तेवढाच वेळ. मम्माने आज कानात मोत्यांचे डूल घातले होते, चर्चला घालते ते. ऑफिसात सही करायला जायचं म्हणून. म्हणजे तिने घरूनच ठरवलं होतं! होच म्हणायचं ठरवून ती गाडीत बसली होती. आणि तिच्या बाजूचं चाक निखळत होतं. तिच्या बाजूचं.

"मम्मा, मी गाडी थांबवतेय," टिझी म्हणाली. आवाज कुठून आला तिलाच कळलं नाही. "चाक सैल झालंय. घट्ट बस."

मम्माने दोन्ही पाय पुढे रोवले.

पुढे उजवीकडे खडीची एक पट्टी दिसत होती, बर्फ ढकलणाऱ्या गाड्या हिवाळ्यात वळतात ती. दोनशे मीटरवर असेल. ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातातून सुटू बघत होतं, म्हणून टिझीने ब्रेक सोडला आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकलं. इंजिन किंचाळलं. मागून ट्रकने भोंगा दिला, असा लांब की कानाचे पडदे थरथरले. "हो रे बाबा, हो, दिसतोयस!" टिझी ओरडली. आता ठोके स्टेअरिंगमधून मनगटात, मनगटातून दातांत येत होते. शंभर मीटर. पन्नास. गाडी खडीत शिरली, उजवीकडे झुकली, खरवडत पुढे सरकली आणि थांबली. ट्रक बाजूने गेला, तेव्हा सगळी फियाट हलली.

टिझीने इंजिन बंद केलं. मग मम्माने दार उघडलं, पाय बाहेर काढले आणि खडीवर उभी राहिली. हात तिने कोटाच्या खिशात घातले.

उजव्या पुढच्या चाकाला चारऐवजी तीनच बोल्ट होते. दोन टिझीने नुसत्या बोटांनी काढले. एकट्या तिसऱ्याला तेवढा पाना लावावा लागला. तिने जॅक लावला, चाक उतरवलं आणि खडीत आडवं ठेवलं. मम्मा शेजारी उकिडवी बसली. कारखान्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं ती हेच करत आली होती. दगडाच्या चिमूटभर पुडीत चांदी किती, शिसं किती, हे मोजून सांगायची. तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि भोकात बोट घातलं.

"हा काठ घासलाय. चकाकतोय." मग दुसरं भोक. तिसरं. चौथं. "चारही भोकांचा मधल्या बाजूचा काठ. बाहेरचा नाही. एकाही भोकाचा नाही."

"हो."

"म्हणजे बोल्ट चांगले आहेत. चाकाचा गोल मोठा आहे, गाडीचा लहान. बोल्ट सगळे आतल्या बाजूला ओढले गेलेत." तिने वर पाहिलं. "मोजलं नव्हतंस?"

नव्हतं म्हणणं सोपं होतं. पट्टी हलत होती म्हणणं तर आणखी सोपं.

"मोजलं होतं. अठ्ठ्याण्णव आलं होतं."

"आणि ही?"

"शंभर."

"अठ्ठ्याण्णव दिसलं, आणि तू शंभर घेतलीस."

"मला वाटलं... पट्टी..." टिझीने सोनेरी जाळीवरून बोट फिरवलं. "मला ही चाकं आवडली होती, मम्मा. खूप. आणि बोल्ट दोनदा फिरले. दुसऱ्यांदा मी कुणाला सांगितलं नाही. वर ब्रेक तपासायच्या जागेपाशी मला कळलं होतं. तरी मी थांबले नाही. तू सही करणार नाहीस म्हणून."

मम्मा उठली. खडीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि दरीकडे तोंड करून उभी राहिली. टिझी चाकाशेजारी बसून राहिली. तिला वाटत होतं मम्माने ओरडावं, काहीतरी फेकावं. मम्मा परत आली तेव्हा तिच्या हातात फोन होता.

"रेमो. जुनी चाकं आहेत ना? हो, लोखंडी. वाकलेलं सोडून तिन्ही आण. आणि त्यांचे बोल्ट आण. नाही, आम्ही ठीक आहोत. रेमो, प्रश्न नको, चाकं घेऊन ये."

"मामाला सांगणार तू?" टिझीने विचारलं.

"मी नाही. तू सांगणार."

मामाचा ट्रक पावणेचारला आला. टिझीने सगळं सांगितलं, एका दमात, काहीही न गाळता. मामा आधी हसायला लागला, "दोन मिलिमीटर! अगं मुली, दोन मिलिमीटरसाठी..." आणि मम्माने त्याच्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच आटलं. मग तो डोकं खाजवत म्हणाला, "मला माहीत असायला हवं होतं. या गाडीला अठ्ठ्याण्णवच लागतात. मी म्हटलं होतं, मला विचारू नकोस."

"तू गप्प बस," मम्मा म्हणाली. "तुझं नंतर बघते."

सोनेरी चाकं एकेक करून उतरली. बाकीच्या तिन्ही चाकांच्या भोकांतही तसाच चकाकता काठ होता. टिझीने गाडीतली स्टेपनी आणि तीन गंजकी चाकं चढवली, त्यांचे आखूड बोल्ट आधी हाताने लावले, मग समोरासमोर आवळले. मामा पुढे यायला लागला, तर मम्माने त्याची बाही धरली. सोळा बोल्ट. प्रत्येकाला टिझीने दोनदा पाना लावला. दुसऱ्या वेळी एकही हलला नाही. गाडी एकदम भिकारी दिसायला लागली.

चार वाजून गेले होते.

"मग," मामाने हात पुसत विचारलं, "त्या नेल्सनवाल्याला काय सांगू?"

टिझी पाने पिशवीत भरत राहिली. पिशवीची चेन एका जागी अडकली होती, आणि ती त्या चेनकडेच बघत होती.

"सांग, गाडी विकायची नाही," मम्मा म्हणाली.

"म्हणजे सही करणार तू?"

"आज ऑफिस बंद झालं. आणि उघडं असतं तरी आज केली नसती." मम्मा टिझीकडे वळली. "बरोबरची चाकं मिळव. आणखी वर्ष लागलं तर लागू दे. आज घरी नेली की तोवर ही गाडी या घाटात येणार नाही. मोजशील तूच. निवडशीलही तूच. पण आकडा मला येऊन सांगायचा, जो दिसेल तो. कळलं?"

"कळलं."

"मला वाटत नाही पूर्ण कळलंय. मलाही अजून नीट राग यायचाय. घरी गेल्यावर येईल."

"हो, मम्मा."

मामाने मम्मासाठी ट्रकचं दार उघडून धरलं. "लोरेडाना, चल. इकडे हीटर आहे. तिला येऊ दे आपल्या मागून हळूहळू."

मम्माने कोटाची बटणं लावली. खडीतून ती फियाटच्या पलीकडच्या बाजूला गेली, आधी बूड टेकवलं, मग एकेक पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं. टिझी अजून बाहेरच, हातात पान्यांची पिशवी.

खिडकीची काच खाली आली.

"चल ना," मम्मा म्हणाली. "थंडी वाजतेय."