खंडेनवमीचं गेज

हिंदी मुलखातल्या शहरात, नेपियर टाउन भागात, शरच्चंद्र वकिलांच्या बैठकीत अनसूया खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कोणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं म्हणून. शेजारी तिचा धाकटा दीर मुरलीधर होता. तिचा नवरा भाऊराव दसऱ्यापासून पोलिसांच्या ताब्यात होता, आणि या घरापर्यंत पोचेस्तोवर दोन वकिलांनी कागद न बघताच हात जोडले होते. पासष्ट साल होतं ते. लढाई नुकती थांबली होती, आणि तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या आरोपीचा खटला घ्यायचा म्हणजे गावभर तोंड चुकवत हिंडायचं. शरच्चंद्र वकील म्हातारे, विधुर आणि हट्टी होते. गाव काय म्हणेल याची त्यांना काडीची पर्वा नव्हती.

प्रकरण सांगायला गेलं तर चार ओळींचं. भाऊराव कारखान्यात तपासनीस. तयार गोळा बरोबर मापाचा आहे की नाही, हे पाहायचं पंज्याएवढं पोलादी माप, त्याला ते लोक गेज म्हणत, ते बारा वर्षं त्याच्या हातात होतं. खंडेनवमीला अनसूयेनं विळी, कोयता, शिवणाचं मशीन असं सगळं पाटावर मांडायला घेतलं आणि सहज बोलून गेली, "ज्याच्यावर हे घर चालते, ते तर पूजेत कधीच नसते." झालं. बायकोचं बोलणं एरवी या कानानं ऐकून त्या कानानं सोडणारा हा गृहस्थ, त्याच दिवशी नेमका ऐकता झाला. पहिली पाळी करून आला तेव्हा जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात गेज होतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत हलवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून लढाईपायी सुटी रद्द झालेल्या त्या दसऱ्याला तो रिकाम्या हातानं कामावर गेला, आणि त्याच दिवशी साहेबानं सगळी गेज मागवली.

"आता नीट ऐका," वकील म्हणाले. "घाबरायचं तेवढं घाबरा, जास्त नको. पोलिसांनी तीन कलमं लावली आहेत. पहिलं, नोकरानं मालकाची वस्तू चोरली. त्याला सात वर्षांपर्यंत. दुसरं, सरकारी नोकरानं विश्वासानं ताब्यात दिलेली वस्तू लाटली. त्याला दहा वर्षं, कोर्टाच्या मनात आलं तर जन्मठेपसुद्धा."

अनसूयेला जन्मठेप हा शब्द तेवढा ऐकू आला. त्यानंतर वकिलांचे ओठ हलत होते, पण तिच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. मुरलीधरनं पाण्याचा पेला पुढे केला. 

"कलम लावलं म्हणजे शिक्षा झाली असं नाही, बाई," वकील म्हणाले. "पंगतीत वाढपी भसाभस वाढत सुटतो, तसे पोलीस कलमं वाढतात. पानात किती ठेवायचं ते कोर्ट ठरवतं. या दोन कलमांचा जीव एकाच गोष्टीत आहे, नियत. वस्तू कशासाठी नेली? बदनियत नसेल तर नोकरी जाईल, पण माणूस सुटायची आशा आहे. मला भीती तिसऱ्याची आहे."

"हेरगिरीची?" मुरलीधरनं हळूच विचारलं.

"सरकारी गुपितांचा कायदा. चौदा वर्षांपर्यंत. गोळ्याचं नेमकं माप ज्याच्या हाती, त्याच्या हाती तोफेचं माप. हे गेज शत्रूपर्यंत पोचवलं, असा संशय आहे. आणि संशय का आहे? कारण भाऊराव म्हणतात गेज देवघरात आहे, आणि देवघरात गेज नाही."

अनसूयेनं पदर तोंडाशी नेला. तिची ज्योती तेव्हा चार वर्षांची होती. चौदा मिळवल्यावर तिचं लग्नाचं वय येत होतं. एवढी बेरीज तिला न शिकताही करता आली.

वकील पुढे सांगू लागले. झडतीत ते गेज हळदकुंकवासकट पाटावर सापडलं असतं, तर ठाणेदारानंसुद्धा कपाळावर हात मारून घेतला असता. देवभोळा आणि मूर्ख, एवढंच कोर्ट म्हणालं असतं. "माझा बचावाचा अख्खा साक्षीदार त्या पाटावर बसला होता. तो उठून गेला कुठे?"

कुठे गेला ते या बैठकीत फक्त अनसूयेला माहीत होतं.

कारखान्याजवळच्या त्यांच्या वस्तीत, रांझीत, त्या दिवसांत चहाच्या प्रत्येक टपरीवर एक तरी सेनापती बसलेला असायचा, आणि त्याला रोज एक हेर लागायचा. दसऱ्याच्या दुपारी शेजारची भानुमती धापा टाकत आली होती. तिचा नवरा त्याच पाळीचा. "तुमच्या ह्यांना गेटवर धरलं. जीप तुमच्या घरी येऊन राहिली," म्हणाली आणि आपल्या घरात शिरून तिनं कडी लावली. अनसूयेला वाटलं, माल घरात सापडला की संपलं. भाऊरावानं सगळं खरंखरं आधीच सांगून टाकलं आहे, हे तिला काय ठाऊक? तिनं गेज उचललं आणि मागच्या विहिरीत टाकलं. पोलिसांना म्हणाली, असलं काही मी पाहिलंच नाही. नवऱ्याला वाचवलं, या समाधानात तिनं एक अख्खा दिवस काढला होता. 

"आणखी एक," वकिलांनी चष्मा काढून पुसला. "आज सकाळी मी भाऊरावांना भेटलो. झडतीत काही मिळालं नाही, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं.  मग पोलिसांना बोलावून म्हणाले, गेज घरी नेलंच नव्हतं, वाटेत मीच विहिरीत फेकलं. कोणती विहीर, तर सांगता येईना. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण खोटं बोलणारा आरोपी त्यांना फार आवडतो. हा माणूस काहून खोटं बोलतोय, बाई? कोणाला वाचवून राहिला आहे?"

 भाऊरावाला कळलं होतं. हवालातीत बसल्या बसल्या त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानं तिचं कृत्य आपल्या डोक्यावर घेतलं होतं. तिला त्याचा राग आला, आणि रडू आलं, आणि त्या दोहोंच्या वर भीती होतीच. ती कुठे गेली नव्हती.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "समजा, कोणी भिऊन ते फेकलं असलं तर?"

वकिलांनी मुरलीधरला पान आणायला पाठवलं. फाटकाचा आवाज झाल्यावरच ते बोलले. "पुढं बोलायच्या आधी ऐकून घ्या. मी भाऊरावांचा वकील आहे, तुमचा नाही. तुम्ही जे सांगाल त्यानं त्यांचा फायदा आणि तुमचं नुकसान होऊ शकतं. तुमच्यासाठी वेगळा वकील पाहिजे. माझा भाचा श्रीरंग उद्या येईल, त्याला विचारून मग बोललात तरी चालेल."

"नुकसान म्हणजे काय?"

"पुरावा नाहीसा करणं हाही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत."

"नवऱ्यासाठी केलं तरी?"

"नवऱ्याला घरात लपवलं तर कायदा बायकोला माफ करतो. पुरावा लपवला तर करत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी एवढाच संसार केलेला दिसतो."

तिला हसू आलं नाही. अंगणात वकिलांचा गडी पानं झाडत होता, त्या खराट्याकडे ती पाहत राहिली. गप्प बसलं तर ज्योतीजवळ आई राहील आणि बाप चौदा वर्षं जाईल. बोललं तर कोण राहील, कोण जाईल, ते या म्हाताऱ्यालाही नक्की सांगता येत नव्हतं.

"उद्या कशाला," ती शेवटी म्हणाली. "मी टाकलं. आमच्या घरामागच्या विहिरीत. पूजेतली वस्तू उघडी कशी पाण्यात सोडायची, म्हणून खणात गुंडाळून, फूल आत ठेवून, दोऱ्यानं बांधून टाकलं."

वकील पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. "काय म्हणालात? खणात?"

"जीप गल्लीत आली होती. तरी हातानं आपोआप तसंच केलं."

म्हातारा उठून दार लावून आला. मग म्हणाला, "बाई, शत्रूला द्यायची वस्तू कोणी असं विसर्जन करत नाही. पण ते वर काढायचं ते पोलिसांनी, पंचांसमोर. तुम्ही हात लावायचा नाही, भाऊजींना सांगायचं नाही. आणि कोणी टाकलं हे विचारलं की खरं सांगावं लागेल. ते बोलल्यावर मागं फिरता येणार नाही. श्रीरंगला भेटल्याशिवाय पाऊल उचलू नका, हे माझं सांगणं."

दुसऱ्या दिवशी श्रीरंग आला, त्यानंही तेच तीन वर्षांचं सांगितलं, आणि अनसूयेनं दोघांचंही ऐकून आपलंच केलं: गेज कोणत्या विहिरीत आहे ते वकिलांकरवी ठाण्यात कळवलं.

विहिरीवर सगळी गल्ली लोटली होती. जिनं कडी लावली ती भानुमतीही चवड्यांवर उभी राहून बघत होती. भाऊरावाला बेड्या घालून आणलं होतं. दाढी वाढली होती, आणि तो अनसूयेकडे एकदाही पाहत नव्हता. विहिरीत पडलेल्या बादल्या काढणारा बळीराम तीनदा बुडी मारून रिकाम्या हातानं वर आला. चौथ्यांदा त्याच्या हातात चिखलानं माखलेलं पुडकं होतं. ठाणेदारानं पंचांसमोर दोरा कापला. हिरव्या खणात पोलादी गेज, त्याला चिकटलेलं कुजकं झेंडूचं फूल, आणि खणावर हळदीचा पिवळा डाग.

"किसने फेंका?" ठाणेदारानं विचारलं.

"मैंने," भाऊराव म्हणाला.

"ये कपड़ा कहाँ से लाया था?"

भाऊराव पुडक्याकडे पाहत राहिला. वाटेत फेकलेल्या गेजाला बायकी खण कुठून आला, हे त्याला सांगता येईना. बायकांच्या घोळक्यातून अनसूया पुढे आली. श्रीरंगनं सांगितल्याप्रमाणे तिनं विचारलं तेवढंच सांगितलं. "मैंने फेंका. हा खण माझा आहे. यांना माहीत नव्हतं." ठाणेदारानं ते लिहून घेतलं, आणि शरच्चंद्र वकिलांनी चष्मा पुसायला घेतला.

जीपमध्ये दोघांना समोरासमोर बसवलं. भाऊराव खालच्या आवाजात म्हणाला, "काहून बोललीस? ज्योतीचं काय?"

"मुरलीधर भाऊजींकडे आहे. तिसरं कलम आता टिकणार नाही म्हणतात वकीलसाहेब."

"मग तू येऊन राहिलीस ना सोबत?"

"येऊन राहिले," अनसूया म्हणाली. कोतवालीत बायकांची कोठडी वेगळ्या अंगाला असते आणि तिथून नवऱ्याचा आवाजही येत नाही, हे श्रीरंगनं तिला सांगून ठेवलं होतं. जीप सुरू झाली. कोठडीचं तिनं भाऊरावाला सांगितलं नाही.