किनारा लहान होत गेला

मार्गशीर्षातली सकाळ. गंगापूर धरणाच्या जलाशयावर धुकं पसरलेलं; शुभ्र, शीतल, स्तब्ध. पूर्वेला केशरी रेघ उमटली आणि पाणी हळूहळू तांबूस झालं. त्या तांबूस पाण्याच्या काठावर हेमांगी गांगुर्डे उभी होती, पाण्यापासून चार पावलं मागे.

नऊ वर्षं रोज पहाटे तिनं हेच पाणी कापलं होतं. तिची एकेरी नौका देशात सर्वांत वेगवान होती. पाच महिन्यांपूर्वी, परदेशातल्या अंतिम शर्यतीत, सर्वांच्या पुढे असताना, शेवटच्या दोनशे मीटरांत उजवं वल्हं पाण्यात अडकलं. नौका उलटली. सुवर्ण गेलं, रौप्य गेलं, कांस्यही गेलं.

मग माणसं आली. अहाहा, काय ती माणसं! हारांच्या भारानं जिची मान त्यांनी वाकवली होती, तिच्याच ओट्यावर बसून, तिच्याच घरचा चहा भुरकत हीच माणसं म्हणाली, "पोर मनानं कच्ची." मधुरभाषी, मलिनहृदयी हितचिंतक! गुडघाभर पाण्यात उतरायची ज्यांची छाती नव्हती, ते तिला धैर्य शिकवत होते.

तिरस्कार हा साथीचा रोग. हेमांगीला तो लागला. आरशातल्या मुलीकडे ती तुच्छतेनं पाहू लागली. झोप उडाली, अन्न कडू झालं. अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतला तरी श्वास अडके, आणि पुन्हा ते हिरवं, थंड, उलटं झालेलं आकाश डोळ्यांपुढे येई. एकदा ती म्हणाली, "आई, त्या पाण्यातून मी वर यायलाच नको होतं गं."

आई रडली नाही. तिनं प्रशिक्षक निरगुडे सरांना फोन केला, आणि दुसऱ्याच दिवशी दोघं हेमांगीला मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. गल्ली कुजबुजली, "वेड लागलं वाटतं!" आई दारात येऊन कडाडली, "पाय मोडला असता, तर डॉक्टरकडे नेली म्हणून हसला असतात का रे?"

औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं. आज डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं एवढंच: दहा मिनिटं नौकेत बसायचं. वल्हवायचं नाही.

पण वार्ता फुटली, बघे जमले. धूळ उधळीत गाडी आली आणि क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब अवतरले. शुभ्रवस्त्रधारी, सुवर्णकंठीमंडित, छायाचित्रकारासह.

"बस पोरी नौकेत. मी खांद्यावर हात ठेवतो. खचलेल्या खेळाडूला आप्पासाहेबांनी दिलं बळ! उद्याच्या पेपरात येईल."

हेमांगीनं त्यांच्याकडे पाहिलं. पाच महिने जो तिरस्कार तिनं स्वतःवर ओतला, त्याचा खरा धनी समोर उभा होता.

"आप्पासाहेब, नौका एकाचीच आहे. जरा हललं की उलटते. तुम्हीच बसा. मी खांद्यावर हात ठेवते."

आप्पासाहेबांनी पाण्याकडे पाहिलं. चकचकीत बूट दोन पावलं मागे सरले.

निरगुडे सरांनी नौका धरली. हेमांगी बसली. भीती कुठं गेली होती? श्वास तुटत होता. डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे ती श्वास मोजत राहिली.

"आज नुसतं बसायचं ठरलंय," सर हळूच म्हणाले.

"बसते, सर. पण इथं नाही. यांच्यासमोर नाही."

पहिलं वल्हं वाकडं पडलं. दुसरं खोल गेलं. दहाव्याला ती थांबली. ती बाजूला वाकून ओकली. काठावर कुणी खिदळलं. तिनं मनगटानं तोंड पुसलं आणि अकरावं वल्हं मारलं.

नौका वल्हवणाऱ्याची पाठ वाटेकडे असते, तोंड काठाकडे. म्हणून तिला सारं दिसत होतं. तो शुभ्र सदरा हातभर झाला, मग वीतभर, मग बोटभर; मग धुक्याच्या कडेला एक पांढरा ठिपका. वल्हं पुन्हा पडलं, पाणी हललं, आणि ठिपकाही उरला नाही.