मेलितोनची टोपी

"तेवढी जागा सोडलीस होय?" एदिल म्हणाला. "माझ्या डोक्यावर भगदाडच ठेवलंयस की, आत्या."

दोमितिलाताईने मान वर केली नाही. कोंबडीच्या पिसाने ती कुणा मावशीच्या झग्याला काळी किनार काढत होती. फळी दोन बाकांवर आडवी टाकलेली होती आणि खोलीपेक्षा लांब असल्यामुळे तिचं एक टोक दारातून बाहेर गल्लीत गेलं होतं. शेजारणीचं कुत्रं अधूनमधून येऊन ते हुंगून जात होतं, आणि त्याला हाकलायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या फळ्या खालून वर वाचतात. तळाला देवमाय, तिच्यावर घराचे धनी, म्हणजे इथे एदिल आणि त्याची बायको. त्यांच्यावर त्यांचे आईबाप, मग भावंडं, मग काका-मामा, मग वाजंत्री आणि अगदी माथ्यावर सूर्य. नवं घर झालं की छपराखालच्या तुळईला बांधायला अशी फळी रंगवून द्यायचा मान घराच्या धर्ममायेचा, म्हणजे घरासाठी मानलेल्या आईचा. एदिलने तो मान सख्ख्या आत्याला दिला होता, त्यात चूक काहीच नव्हती. पण त्याच्या डोक्यावर हातात तकली घेऊन त्याची आई उभी होती आणि तिच्या शेजारी नुसती पांढरी माती फासलेली होती.

"भरेल ती जागा," ताई म्हणाली.

"कुणाची जागा आहे ती? बाबांचीच ना? मग काढ की बाबांना. रविवारी माणसं येणार आहेत."

"तुझ्या आईला विचारलंस का?"

 एदिल वीजजोडणीची कामं करतो, हात चळवळे आहेत. त्याने पिसांच्या डब्यातलं एक पीस उचललं, परत ठेवलं.

"तू विचार ना. नणंद आहेस तू तिची."

"आणि तू मुलगा आहेस."

"म्हणूनच तर तुला सांगतोय," तो म्हणाला आणि कुत्र्याला ओलांडून निघून गेला.

मी ताईच्या चुलत्याची मुलगी, नीवेस. या खोलीत माझी उमर गेली. रेघ ताईची आणि रंग माझा, अशी आमची वाटणी आहे. ती कडा काढते, मी आत लाल, तपकिरी, हिरवं भरत जाते. कुणी मला चित्रकार म्हणत नाही आणि मीही म्हणवून घेत नाही. पण ताईच्या चित्रातली माणसं मी तिच्याइतकीच जवळून पाहिली आहेत, म्हणून हे सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

ताई हे शिकली ते बापाकडून, म्हणजे माझ्या काकाकडून, आणि तेही चोरून म्हटलं तरी चालेल. वर डोंगरात, आमच्या गावात, फळी रंगवणं हे पुरुषांचं काम होतं. पोरींनी माती वाटायची आणि कोंबडीच्या मागे धावून पिसं आणायची. काका वरच्या टोकाला पोचला की ही हळूच तळाशी बसून देवमायेच्या पायाशी फुलं काढायची. काकाने पाहिलं, पण रागावला नाही. म्हणाला, "तोंडं देवाने एकदा काढलीत, ती पुन्हा काढायच्या भानगडीत पडू नकोस. हात काढ. माणूस हातावरून ओळखू येतो." म्हणून आमच्या फळीवर सगळ्यांची तोंडं सारखी असतात. ज्याच्या हातात वस्तरा तो न्हावी, जिच्या हातात लोटा ती दारू गाळणारी.

काकाचा आणखी एक नियम होता. जिवंत माणसाची टोपी डोक्यावर, मेलेल्याची हातात. देवापुढे टोपी घालून कोण उभं राहील? एकदा ताईने शहरातल्या दुकानासाठी, विकायला केलेल्या एका छोट्या फळीवर तेओफिलोमामाला पाद्रीबाबांसमोर टोपी काढून नमस्कार करताना दाखवलं. बिचारीच्या मनात तसं काही नव्हतं. पण मामाने ती फळी दुकानात पाहिली, टोपी कानापर्यंत ओढून तडक इथे आला आणि दारातूनच ओरडला, "बघ, नीट बघ, कुठे आहे माझी टोपी?" पुढे कितीतरी दिवस तो आमच्याशी बोलत नव्हता. दुसऱ्या कुणाला यात भांडण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. आमच्यातलं शेंबडं पोरही ते सांगेल.

आता मेलितोन. तो ताईचा थोरला भाऊ आणि एदिलचा बाप. बैलांना डाग द्यायच्या दिवशी गावात शिंग फुंकायचा तो, पिळदार, गोल वळलेलं मोठं शिंग. एदिल आईच्या पाठीवर बांधलेला होता तेव्हा गणवेशातली माणसं ट्रक घेऊन आली आणि चौकशीला म्हणून मेलितोनला घेऊन गेली. तो परत आला नाही. कुणी प्रेतही दाखवलं नाही. आमच्यात माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतात. फोर्तुनातावहिनीने मेलितोनचे कपडे धुतले नाहीत. ते गाठोडं तसंच, त्याच्या अंगाच्या वासासकट, ती खाली लिमा शहरात घेऊन आली, आणि शिंगही.

आम्ही सगळेच खाली आलो तेव्हा. ताई शहरातल्या दुकानाला छोट्या फळ्या करून देऊ लागली. बटाट्याची काढणी, लग्न, बैलांचे डाग, पुन्हा बटाट्याची काढणी. दुकानाच्या बाई भल्या आहेत, पण त्यांना आनंदी चित्रं लागतात. "दोमितिला, थोडे रंग खुलू देत," एवढंच त्या म्हणतात. एकदा त्यांनी विचारलं, "प्रत्येक चित्रात कोपऱ्यात हा शिंगवाला असतोच, ही तुमची सही का?" ताई हो म्हणाली. त्या शिंगवाल्याची टोपी कायम डोक्यावर असते. ती तपकिरी रंगाने मी किती वेळा भरली, ते माझं मलाच ठाऊक.

वहिनी गुरुवारी आली. बाजारात ती औषधी पाला विकते, त्यामुळे ती आली की खोलीला पुदिन्याचा वास येतो. शालीतून तिने उकडलेला मका आणि चीज काढलं, माझ्या हातात दिलं आणि फळीशी जाऊन उभी राहिली.

"मला बारीक काढलंयस गं," ती म्हणाली.

"तेव्हा बारीकच होतीस तू, वहिनी."

"आणि हा? ह्याला कुठे ठेवलास?"

"तू सांगशील तसा काढेन."

"सांगायचं काय त्यात? माझ्या शेजारी. शिंग वाजवताना."

ताईने पीस पाण्यात बुडवलं. मी मका सोलल्यासारखं करत होते, पण कान तिकडेच होते.

"आणि टोपी?" ताईने विचारलं.

"शिंगाला दोन हात लागतात," वहिनी म्हणाली. "टोपी हातात घेतली तर शिंग काय पायाने धरील?"

"वहिनी, ही दुकानाची फळी नाही. घरात लागणार, घर उभं आहे तोवर राहणार. एदिलचं पोर उद्या विचारेल ना, आजोबा कुठे आहेत म्हणून."

"मग सांगेन मी त्याला."

"काय सांगशील? टोपी डोक्यावर आहे म्हणजे कुठेतरी आहेत आजोबा. मग ते पोर म्हणेल, चला आणायला. कोण जाणार?"

ताईने पीस खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, उलट बसलाच.

"मी दमले गं. तुला वाटतं तूच वाट बघतेस. मी प्रत्येक फळीवर त्याला उभा करते, टोपी चढवते, शिंग देते, आणि ती फळी कुणीतरी परका घेऊन जातो. परत दुसऱ्या दिवशी त्याला उभा करायचा. हात भरून आला माझा. तो मेलाय असं मी म्हणत नाही. मला नुसतं दमायला झालंय."

"तुझा भाऊ होता तो," वहिनी म्हणाली. "भाऊ सुटतो. मी सही कुठे केलीय तो मेला म्हणून? तूच तुझ्या पिसाने करणार का? तसं असेल तर राहू दे ते भगदाड." तिने शाल आवळली आणि गेली. चीज पुडक्यातच राहिलं.

शुक्रवार आणि शनिवार ताईने वरचे वाजंत्री पुरे केले. सारंगीवाला, वीणेवाला. त्या पांढऱ्या जागेला तिने हात लावला नाही. मी एकदा म्हटलं, "तिथे एखादं झाड काढूया का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कुत्र्याकडे वळले.

रविवारी आम्ही फळी घेऊन निघालो. एदिलचं घर टेकडीच्या पार वरच्या ओळीत आहे, रस्ता संपतो आणि पायऱ्या लागतात. आठ जणांनी फळी खांद्यावर घेतली, पुढे सारंगी, मागे आम्ही बायका. लिमाचं ते नेहमीचं राखाडी आभाळ, आणि धुकं असं की केस ओले होतात पण भिजलो असं म्हणता येत नाही. ताई दर वळणावर थांबत होती. माझ्या शालीत रंगाच्या वाट्या होत्या. फळी द्यायला जाताना रंग न्यावेच लागतात, कारण ऐनवेळी कुणीतरी निघतोच, मला काढलंच नाही म्हणणारा. शिवाय सूर्य दारात रंगवायचा, ही काकाची रीत. तोवर माथ्यावर नुसता गोल असतो.

अंगणात फळी भिंतीला टेकवून उभी केली. मक्याच्या दारूचे लोटे फिरले. मग सगळ्यांत वडीलधारा म्हणून तेओफिलोमामा वाचायला उभा राहिला, टोपी पक्की बसवून. तो तळापासून एकेक नाव घेतो आणि ज्याचं नाव येईल त्याने घोट घ्यायचा.

"देवमाय. ही घेत नाही, तिच्या नावाचा मी घेतो," मामा म्हणाला आणि लोक हसले. "एदिल आणि त्याची कारभारीण. घ्या रे. ही फोर्तुनाता, तकली घेऊन. आणि हा..."

त्याचं बोट पांढऱ्या मातीवर थांबलं. अंगणात मोठी माणसं होती तेवढी सगळी जमिनीकडे बघू लागली. एदिलने ताईकडे पाहिलं. ताईने कुणाकडेच पाहिलं नाही, आणि मला तिची दया आली. या बाईने कधी कुणाची फळी अर्धवट दिली नव्हती.

वहिनी हातातला लोटा खाली ठेवून पुढे आली. नातवाला तिने कडेवर घेतलं होतं, त्याला एदिलकडे दिलं.

"काढ त्याला," ती ताईला म्हणाली.

"कसा काढू?"

"आधी उभा कर."

ताई फळीसमोर मांडी घालून बसली. मी वाट्या मांडल्या. पाय आले, वहाणा आल्या, पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आलं, आणि सगळ्यांसारखं तोंड. काळे केस आले. दोन्ही हात तिने मोकळेच ठेवले आणि थांबली.

"शिंग माझ्याकडे दे," वहिनी म्हणाली.

ताईने वळून पाहिलं.

"माझ्या त्या हातात दे. माझ्या घरीच आहे ते, मी सांभाळते. तकली राहू दे दुसऱ्या हातात."

ताईने वहिनीच्या चित्रातल्या रिकाम्या हातात शिंग काढलं. छान काढलं, वेढ्यासकट. मग तिने तपकिरीत पीस बुडवलं, पण वहिनीने ते तिच्या हातातून घेतलं. या बाईने जन्मात कधी पीस धरलं नव्हतं. तिने मेलितोनच्या उजव्या हातात टोपी काढली. ती टोपीसारखी कमी आणि उपड्या भांड्यासारखी जास्त दिसत होती, एक ओघळ खाली जाकिटावर गेला. कुणी हसलं नाही. एदिलने पोराच्या केसांत तोंड लपवलं होतं.

वहिनी जरा मागे सरली. टोपीकडे पाहिलं, मग त्या उघड्या काळ्या डोक्याकडे, मग वर, वाजंत्र्यांच्याही वर, त्या रिकाम्या गोलाकडे.

"आता ऊन लागेल गं त्याला," ती म्हणाली.

मामाने घसा साफ केला आणि उरलेली नावं भरभर वाचली. लोक घोट घेत गेले. शेवटी सगळे सूर्यासाठी थांबले, तशी मी पिवळ्या मातीची वाटी पुढे केली. ताईने ती माझ्याकडे परत सरकवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"झाली फळी. घ्या वर," ती म्हणाली.

"आणि सूर्य?" मामा म्हणाला. "सूर्याशिवाय फळी देतात का कुठे? तुझा बाप उठून येईल, दोमितिला."

"पिवळा संपला," ताई म्हणाली. "आणि लिमात कुठे असतो हो सूर्य?"

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ खरंच राखाडी होतं. मामा काहीतरी पुटपुटला, पण त्याने वाद घातला नाही. एदिल आणि बाकीच्यांनी फळीला दोर बांधले. वहिनी पंगतीचे बटाटे वाढायला आत गेली.

माझ्या हातातली वाटी काठोकाठ भरलेली होती. मी ती शालीआड धरली आणि फळी पूर्ण वर चढेपर्यंत तशीच उभी राहिले.