बसलेल्या कोंबडीला तेल

बाविसाव्या दिवशी सकाळी सारजानं अंडं फोडलं आणि पिल्लं मेली आहेत हे मला कळलं.

सारजा आमची शेजारीण. कोऱ्हाळ्यात तिच्या आणि माझ्या बायकोच्या, अक्काबाईच्या, कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरायच्या. अक्काबाईनं तेरा अंडी घालून तांबडी कोंबडी बसवली आणि सहाव्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या अक्काबाईच गेली. आजारी नव्हती. मी चपला घालत होतो, बारामतीला एमआयडीसीत ड्युटी होती. वळून बघितलं तर ती भिंतीला टेकलेली आणि तव्यावर भाकरी करपत होती.

अक्काबाईच्या पुण्यानुमोदनाला, दिवसांच्या विधीला, आमची मुलगी करुणा कळसहून आली होती. जाताना कोंबडी बसवलेल्या डालग्यापाशी बसून म्हणाली, "आबा, ही पिल्लं मला द्या. आईच्या हातचं एवढंच राहिलंय." मी व्हय म्हणालो.

तेव्हापासून कोंबडी मी सांभाळली. दाणे, पाणी पुढ्यात ठेवायचो. चौदाव्या दिवशी तिच्या अंगावर पिसवा दिसल्या. ती सारखी अंगाला चोच मारायची, अंड्यांवरून उठायची. उठली तर अंडी गार पडतील, ही मला भीती. अक्काबाई करंजाच्या तेलात कापूर चुरून कोंबड्यांना लावायची, हे सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून मी कितीदा पाहिलं होतं. बाटली फळीवर होती. मी तेल कोमट केलं आणि तिच्या पंखांखाली, पोटाला, चांगलं चोळलं. कमी पडायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पिसवा गेल्या. कोंबडी गप बसली. मला बरं वाटलं.

एकविसावा दिवस गेला तरी एकही अंडं फुटलं नाही. म्हणून सारजाला बोलावलं. तिनं वाकून वास घेतला.

"भावजी, कोंबडीला न्हाऊमाखू घातलंय का काय? लग्नाला निघालीय जणू."

"तेल लावलंय. पिसवा झाल्या होत्या."

ती हसायची थांबली. परातीत कोमट पाणी घेऊन तिनं एकेक अंडं त्यात सोडलं. आत पिल्लू जिवंत असलं की अंडं पाण्यात हलतं. आम्ही दोघं बघत बसलो. एकही हललं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग तेवढा आला. मग तिनं एक फोडलं. आत पिल्लू होतं. लव, चोच, नखं, सगळं आलेलं.

"पंधरा दिसांचं हाय हे," सारजा म्हणाली. "तेल कवा लावलं तुमी?"

"चौदाव्या दिवशी. पंधराव्यालाबी."

"पोटाला?"

"पोटाला."

तिनं फोडलेलं अंडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बसलेल्या कोंबडीला तेलाचं बोट लावत न्हाईत, भावजी. पोटाचं तेल अंड्याला लागतं, कवचाची भोकं बुजत्यात. आत जीव घुसमटतो. तिला चुलीची राख चोळायची, खाली कडूलिंबाचा पाला घालायचा. अक्का तसंच करायची."

"मी तर तिला तेल लावतानाच बघितलंय."

"त्या हिंडत्या कोंबड्या."

अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहिलो आणि हिंडत्या कोंबडीचा उपाय वेगळा, बसलेलीचा वेगळा, हे मला ठाऊक नव्हतं. मी उठून हात धुतले. परत धुतले. कापराचा वास जाईना. कोंबडी ओरडत फिरत होती म्हणून सारजानं उरलेली बारा अंडी पुसून डालग्यात ठेवली. कोंबडी लगेच वर जाऊन बसली.

"माझी पिल्लं परवाच निघाल्यात," सारजा म्हणाली. "तीच द्या करुणाला. पिल्लू बघून कोंबडी कुणाला कळती का?"

"नको," मी म्हणालो. "मीच सांगतो तिला."

दुसऱ्या दिवशी बारामतीला एसटी बदलून कळसला गेलो. करुणा दारातच ज्वारी पाखडत होती. बाजूला नवं डालगं होतं.

"किती निघाली, आबा?"

"अजून न्हाय."

"थंडी हाय. आई म्हणायची, थंडीत एखादा दिवस जादा लागतो." तिनं मला पाणी दिलं. "पिसवा-बिसवा न्हाईत ना? असल्या तर राख टाका. तेल नका लावू."

मी तांब्या खाली ठेवला. ती भाकरी थापायला आत गेली. मी जेवलो आणि परत आलो.

रविवारी ती पिल्लं न्यायला येणार आहे. कोंबडी त्याच अंड्यांवर बसून आहे, मी ती काढलेली नाहीत. करुणाला सांगायचं राहिलं आहे.