एका दोऱ्याचा बगळा

भाचीने पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर पुन्हा तोच उमटला, डोक्यात भोक पडलेला बगळा.

“आत्या, या वेबसाइटनेसुद्धा डोळा खाल्ला गं.”

आत्या काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसली होती. काचबिंदूने तिची नजर नेली त्याला बरीच वर्षं झाली, पण बोलणाऱ्याकडे ती अशी तोंड करी की समोरच्याने आपोआप केस सारखे करावेत.

“बाकी सगळं आलंय ना?”

“आलंय. पण आंधळा आहे.”

भाचीने जीभ चावली. आत्याच हसली.

भरतकामाच्या ज्या यंत्रासाठी आत्याने बगळ्याची ही फाइल बनवली होती, ते केव्हाच भंगारात गेलं होतं. यंत्र बनवणारी कंपनी बुडाली आणि तिच्यामागोमाग फाइलीची ती जातच जगातून उठून गेली. इंटरनेटवर मात्र ‘काहीही द्या, बदलून देतो’ म्हणणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट. एकाने बगळ्याचं गाणं करून दिलं. ते वाजलं आणि शेजारचं मांजर जे पळालं, ते आठवडाभर फिरकलं नाही. दुसरा भाचीला म्हणे, आधी तू माणूस असल्याचं सिद्ध कर.

“आधी त्याला विचार, तू कोण लागून गेलास,” आत्या म्हणाली.

पण भाची हट्टाला पेटली होती. हा बगळा आपण पायापासून चोचीपर्यंत एकाच दोऱ्याने, मध्ये एकदाही न कापता भरला, असं आत्या सांगत आली होती. भरलेलं कापड गिऱ्हाइकाने कधीच नेलं होतं. शेजारचे शिंपीमास्तर ती गोष्ट आणखी चार पिसं लावून लोकांना ऐकवत. आताशा आत्याने तोंड उघडायच्या आत लोक हसत. तिने बगळ्याचं नाव काढणंच सोडलं होतं, आणि भाचीला खुपत होतं ते हेच.

शेवटी बदलून मिळालेली फाइल भोकासकट घेऊन दोघी मास्तरांच्या दुकानात गेल्या. त्यांच्याकडे भरतकामाचं नवं मशीन होतं.

“ताई, दोरा कापला की हे खट् करतं बरं का,” मास्तर म्हणाले. “मी कान लावूनच बसतो.”

“बसा. तेवढाच कानांना कामधंदा.”

गडद निळं कापड ताणून बसवलं, पांढरा दोरा ओवला. सुई पायाशी उतरली आणि धावू लागली.

फाइलीत चित्र असं नव्हतंच. होती ती नुसती वाट: इथून तिथे, मग वळायचं, मग मागे फिरायचं. पाय चढला. पोट भरलं. पंख एकेक पीस करत उलगडला. सुई प्रत्येक पिसाच्या टोकाला जाऊन कण्यावरून माघारी येई आणि आलेली वाट पुढच्या पिसाखाली झाकून टाकी. आत्याचं बोट टेबलाच्या कडेवर सुईच्या किंचित पुढे चाललं होतं.

“आता मान,” ती पुटपुटली, आणि मान सुरू झाली.

पँट न्यायला आलेला माणूस पँट विसरून उभा होता. मास्तरांनी ओठांत धरलेली टाचणी तशीच राहिली होती.

“आता डोळ्यापाशी कापावंच लागणार,” ते टाचणीआडून म्हणाले.

सुई डोळ्याच्या काठाशी आली, काठाकाठाने फिरली आणि आत न उतरता पुढे निघाली. कपाळ झालं, चोच झाली. मशीन थांबलं. खट् काही झालं नाही.

पडद्यावर जिथे भोक होतं, तिथून आता निळं कापड बघत होतं, गोल, ओलसर आणि जिवंत.

“डोळा भरायचा नसतो,” आत्या म्हणाली. “सोडायचा असतो.”

मास्तरांनी टाचणी काढली, फ्रेम सोडवली आणि दोन्ही हातांनी आत्यापुढे धरली. तिची बोटं पायापासून चोचीपर्यंत हळूहळू गेली.

“मान नीट वळलीय का? कुठे बघतोय तो?”

“खिडकीकडे,” मास्तर म्हणाले. मग ते उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.